नावातच ‘बाहेरचा’ असलेला विद्वान : अल्बेरुनी

गझनी हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर एकच नाव उभे राहते, महमूद! सोमनाथवरची स्वारी, लूट आणि कत्तल. शाळेच्या पुस्तकातून, निवडणुकीच्या सभांतून आणि आता मोबाईलवरून हेच एक नाव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कानावर आदळत आले आहे. पण त्याच गझनीत, त्याच महमूदाच्या पदरी आणखी एक माणूस होता. तो या देशात तलवार घेऊन आला नाही. तो कोन मोजायची साधने घेऊन आला, संस्कृत शिकला, इथल्या पंडितांच्या पुढे बसला आणि इथल्या समाजाचा असा ताळेबंद त्याने लिहून ठेवला की हजार वर्षांनंतरही तो वाचताना अंगावर काटा येतो. त्याचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्-बीरुनी. आपल्याकडे तो अल्बेरुनी म्हणून ओळखला जातो.

महमूद घराघरात पोहोचला आणि अल्बेरुनी परीक्षेच्या एका प्रश्नापुरता उरला, हे आपोआप झालेले नाही. मुसलमान म्हणजे फक्त तलवार असे ज्यांना पोरांच्या डोक्यात भरवायचे आहे, त्यांना हा विज्ञाननिष्ठ मुसलमान अडचणीचा आहे. आणि प्राचीन भारतात सारे कसे समरस होते असे ज्यांना सांगायचे आहे, त्यांना त्याची जातिव्यवस्थेवरची साक्ष त्याहून अधिक अडचणीची आहे. म्हणून आपणच त्याची ओळख करून घेतली पाहिजे.

डहाणू-तलासरीच्या वाचकाला प्रश्न पडेल की मध्य आशियातल्या या माणसाशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या किनाऱ्यावर अरबांची गलबते अल्बेरुनीच्या जन्माआधीपासून लागत होती. तलासरीच्या उत्तरेला, आज गुजरातेत असलेले संजाण हे तेव्हा मोठे बंदर होते. अरब भूगोलकार त्याला सिंदान म्हणत. गेल्या शतकाच्या मध्यात डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी काही ताम्रपट सापडले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. त्या ताम्रपटानुसार संजाण भागाचा कारभार पाहणारा राष्ट्रकूटांचा अधिकारी हा ताजिक, म्हणजे अरब होता. त्याचे नाव संस्कृतात मधुमती असे कोरले आहे आणि ते मुहम्मद या नावाचे रूप आहे, असे अभ्यासक मानतात. या मधुमतीने लोकांसाठी फुकट तरी चालवल्या आणि अन्नछत्र घातले, असे तो ताम्रपट सांगतो. एका मठिकेला त्याने गाव आणि जमीनही दान दिली. म्हणजे आपल्या किनाऱ्याचा मुसलमानांशी जुना परिचय आहे तो व्यापार आणि कारभारातूनही!

याच ताम्रपटानंतर अवघ्या ४७ वर्षांनी, ९७३ च्या सप्टेंबरमध्ये, अल्बेरुनीचा जन्म झाला. पुढे हिंदुस्थानवरच्या आपल्या ग्रंथात त्याने पश्चिम किनाऱ्यावरची ठिकाणे ओळीने दिली. भडोच, मग संजाण, मग सोपारा, मग ठाणे. आपला डहाणूचा किनारा याच ओळीत संजाण आणि सोपाऱ्याच्या मध्ये येतो. तो स्वतः इथे आला नव्हता. त्याचा वावर मुख्यतः पंजाब आणि त्याच्या पलीकडच्या भागात होता. पण गझनीत बसून हा माणूस आपल्या किनाऱ्यावरची अंतरे गोळा करत होता, हे विसरता येणार नाही.

त्याचा जन्म ख्वारिझम देशातल्या काथ या राजधानीचा. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे. बीरून या फारसी शब्दाचा अर्थ आहे बाहेर. शहराच्या आतल्या वस्तीतला नसून बाहेरच्या वस्तीतला, म्हणून तो बीरुनी, बाहेरचा! ज्यांच्या बापजाद्यांची घरे गावकुसाबाहेर होती त्यांना या शब्दाचे वजन वेगळे सांगायला नको. काथच्या बाहेरच्या वस्तीत राहणे आणि आपल्याकडच्या गावकुसाबाहेर राहणे या एकच गोष्टी नव्हेत. तिथे बाहेर राहणाऱ्याची सावली विटाळत नव्हती. पण जगाने ज्याला ‘बाहेरचा’ म्हणून ओळखावे त्याने ते नाव अभिमानाने मिरवावे आणि त्या नावाने हजार वर्षे टिकावे, ही गोष्ट आपल्याला जवळची वाटल्याशिवाय राहत नाही.

त्याला घराण्याचाही टेंभा नव्हता. एका कवीने त्याच्या वंशाचे गोडवे गाऊन काही पदरात पाडून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा अल्बेरुनीने उपरोधाने कविता लिहूनच उत्तर दिले. आपला आजा कोण हे आपल्याला ठाऊक नाही, कारण आपला बापही आपल्याला नीट ठाऊक नाही, असा तिचा आशय आहे. आपल्या देशात गोत्र, प्रवर आणि कुळी सांगितल्याशिवाय विद्येच्या दारात उभे राहता येत नव्हते त्या काळात हा माणूस कुळाच्या प्रश्नावर हसत होता. पोरक्या म्हणाव्या अशा या मुलाला गुरू भेटला तो ख्वारिझमच्या राजघराण्यातला अबू नस्र मन्सूर. हा त्या काळचा नामांकित गणिती होता. राजघराण्यातल्या गुरूने बाहेरच्या वस्तीतल्या पोराला गणित शिकवले आणि त्याचा अंगठा मागितला नाही! पुढे या गुरूने आपले कितीतरी प्रबंध या शिष्याच्या नावाने लिहिले. एकलव्याची गोष्ट ज्यांना पाठ आहे त्यांनी ही गोष्टही पाठ करावी.

वयाच्या सतराव्या वर्षी या मुलाने सूर्याची माध्यान्हीची उंची मोजून काथचे अक्षांश काढले. पण ९९५ साली ख्वारिझममध्ये सत्तापालट झाला, गुरूचे राजघराणे बुडाले आणि बाविशीतल्या अल्बेरुनीला परागंदा व्हावे लागले. तेहरानजवळच्या रै शहरात त्याने हलाखीचे दिवस काढले. तिथल्या एका ज्योतिष्याशी त्याचा शास्त्रीय मुद्द्यावर मतभेद झाला, तेव्हा त्या गृहस्थाने मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी याच्या दारिद्र्याची टिंगल केली. पुढे याचे दिवस पालटले तेव्हा तोच गृहस्थ गोडीगुलाबीने वागू लागला. हा अनुभव अल्बेरुनीने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. फाटक्या कपड्यात वर्गात बसलेल्या आपल्या किती पोरांना हा अनुभव आला असेल! बरोबर उत्तर देणाऱ्याचे कपडे पाहायचे, ही खोड कुठल्याही एका धर्माची वा देशाची नाही.

९९७ सालच्या मे महिन्यात चंद्रग्रहण होते. अल्बेरुनीने काथमधून ते पाहिले आणि आधी ठरवल्याप्रमाणे बगदादमध्ये अबुल वफा या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाने पाहिले. दोघांनी आपापल्या गावच्या वेळा टिपल्या. दोन्ही वेळांत साधारण एका तासाचा फरक आला. ग्रहण तर सगळीकडे एकाच क्षणी लागते. मग फरक पडला तो दोन गावांच्या स्थानांमुळे. त्यावरून त्यांनी दोन शहरांच्या रेखांशांतले अंतर काढले. तार नाही, फोन नाही, मध्ये वाळवंटे, आणि दोन माणसे ग्रहणाकडे पाहून पृथ्वी मोजत होती. आपल्याकडे २१ व्या शतकातही ग्रहण लागले की गरोदर बाईला कोपऱ्यात बसवून ठेवतात. सुरी धरू नको, भाजी चिरू नको म्हणतात. ग्रहणाला भिऊन दार लावायचे की घड्याळ घेऊन अंगणात यायचे, यावर समाजाची वाट ठरते.

अल्बेरुनी हा एकटा चमत्कार नव्हता. त्याच्यामागे दोन शतकांची ज्ञानाची चळवळ होती. आठव्या शतकात भारतातले खगोलशास्त्र बगदादला पोहोचले, अरबीत उतरले. ग्रीक ग्रंथ उतरले. याच ख्वारिझमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अल्-ख्वारिझमीने नवव्या शतकात बीजगणिताला आकार दिला आणि भारतीय अंकांवर पुस्तक लिहिले. संगणकाच्या जगात रोज वापरला जाणारा अल्गोरिदम हा शब्द त्याच्याच नावावरून आला आहे. अंक भारतात जन्मले, पण ते जगभर पोहोचले ते अरबांच्या हातून. या अनुवादकांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते, मूर्तिपूजक होते. ज्ञान कुठल्या जातीच्या तोंडून आले हे न विचारता ते घ्यायचे, हा त्या चळवळीचा प्राण होता. अल्बेरुनीने तर वैद्यकातला महापंडित इब्न सीना याच्याशीही पत्रातून वाद घातला. अ‍ॅरिस्टॉटलच्या सिद्धांतांवर आणि पदार्थविज्ञानावर त्याने अठरा प्रश्न धाडले आणि उत्तरे आल्यावर त्यांवर पुन्हा हरकती घेतल्या. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून खरे, हे त्याला मान्य नव्हते. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आठवावा!

१०१७ साली महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि सोने-नाणे न्यावे तसे तिथले विद्वानही गझनीला नेले. अल्बेरुनी आणि त्याचा वृद्ध गुरू अबू नस्र हे दोघे त्यात होते. तो मानाचा पाहुणा नव्हता की साखळदंडातला कैदीही नव्हता. दोन्हींच्या मधली ती अवस्था होती. पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात तो अडचणीत दिवस काढत होता. जवळ एकही यंत्र नव्हते. त्याने हिशेबाच्या पाटीच्या मागे वर्तुळखंड आखला, ओळंबा लावला आणि त्यावर सूर्य मोजून त्या खेड्याचे अक्षांश काढले. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकवत नाही, असे सांगणाऱ्यांनी ही पाटी डोळ्यांपुढे ठेवावी.

त्याचे सर्वांत गाजलेले मोजमाप आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबमधील नंदना किल्ल्यावरचे. पृथ्वीचा आकार काढण्यासाठी त्याच्या आधी खलिफा मामूनच्या पथकांनी वाळवंटात मैलोन्‌मैल दोऱ्या ताणल्या होत्या. अल्बेरुनीने विचार केला की एवढे चालायचे कशाला? डोंगर हवा आणि समोर सपाट क्षितिज हवे. आधी त्याने खालच्या मैदानातून दोन ठिकाणांहून कोन मोजून डोंगराची उंची काढली, ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर चढून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते मोजले. तो कोन एका अंशाहूनही कमी, ३४ कला इतका आला. या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याचा हात नेमका किती लांबीचा होता आणि हवेतून प्रकाश वाकतो त्याचा किती परिणाम झाला, यावर आजही अभ्यासकांत चर्चा आहे. त्यामुळे त्याचे उत्तर अमुक इतके अचूक होते असे छातीठोक सांगण्यात अर्थ नाही. खरा पराक्रम उत्तरात नाही, रीतीत आहे. एका माणसाने एका डोंगरावर उभे राहून अख्खी पृथ्वी मोजता येते, हे त्याने दाखवले.

चाळिशी उलटल्यावर तो संस्कृत शिकू लागला. ही भाषा फार अवघड गेली, ग्रंथ मिळवण्यासाठी आपण कष्ट आणि पैसा वाचवला नाही, असे तो लिहितो. पंडितांपुढे तो आधी विद्यार्थी म्हणून बसला. नंतर जेव्हा त्याने त्यांना खगोलातली कारणे आणि गणिताच्या रीती समजावून द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते चकित होऊन त्याला विचारू लागले की तुम्ही हे कोणत्या हिंदू गुरूकडून शिकलात? आपल्या बाहेर कुठे ज्ञान असू शकते, हेच त्यांना पटत नव्हते! ज्यांच्याकडे तो शिकायला जात होता त्यांच्या दृष्टीने तो म्लेंच्छ होता. म्लेंच्छाबरोबर बसायचे नाही, जेवायचे नाही, त्याच्या अग्नीचा वा पाण्याचा स्पर्श झालेले काही घ्यायचे नाही, हे त्याने स्वतः नोंदवले आहे. म्हणजे जगातला त्या वेळचा एक सर्वश्रेष्ठ शास्त्रज्ञ या देशात अस्पृश्य होता. परक्यांना तुच्छ लेखण्याचा दोष सर्वच समाजांत कमी-अधिक असतो, हेही तो प्रामाणिकपणे कबूल करतो. पण बाटलेले पुन्हा शुद्ध करून घेण्याचीही सोय नसावी, याचे त्याला नवल वाटले.

१०३० च्या सुमारास त्याचा हिंदुस्थानवरचा ऐंशी प्रकरणांचा ग्रंथ पूर्ण झाला. आपण वाद घालण्यासाठी नव्हे तर आहे तसे सांगण्यासाठी लिहीत आहोत, ही त्याची भूमिका. त्यात वर्णव्यवस्था तपशिलाने आली आहे. वैश्य आणि शूद्रांना वेद ऐकण्याचीही बंदी आणि उच्चारल्याचे सिद्ध झाले तर जीभ कापण्याची शिक्षा, हे त्यात आहे. चार वर्णांच्या खाली अंत्यज आहेत. त्यांचे आठ व्यवसाय तो मोजून देतो. परीट, चांभार, डोंबारी, टोपल्या आणि ढाली विणणारे, नावाडी, मासे मारणारे, पशुपक्ष्यांची शिकार करणारे आणि विणकर. हे लोक चार वर्णांच्या गावांजवळ, पण गावाबाहेर राहतात. त्यांच्याही खाली डोम, चांडाळ वगैरे. ते कुठल्याच जातीत धरले जात नाहीत आणि गावाची घाण काढण्याचे काम त्यांच्या माथी मारलेले आहे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. कपडे धुणारा, जोडा शिवणारा, टोपली विणणारा, होडी चालवणारा, मासे आणणारा, कापड विणणारा. यांच्यावाचून कुठले गाव एक दिवस तरी चालले असते काय? समाज ज्यांच्या हातांवर उभा होता, त्यांनाच समाजाने बाहेर ठेवले होते! ही यादी त्याने उत्तरेत ऐकून केली. ती जशीच्या तशी आपल्या किनाऱ्याला लावता येणार नाही. पण समुद्रावर आणि रानावर जगणाऱ्याला हलका मानायची खोड आपल्याकडे नव्हती, असे डहाणू-तलासरीत कोण म्हणेल? नावानेच ‘बाहेरचा’ असलेल्या माणसाने इथल्या बाहेरच्यांची नोंद केली, म्हणूनच ती साक्ष टिकली. आपल्यात आणि हिंदूंत सर्वांत मोठी आडकाठी हीच की आपण ईश्वरभक्तीखेरीज सर्व माणसे समान मानतो, असेही त्याने या संदर्भात म्हटले आहे. बाबासाहेबांनीही जातिव्यवस्थेबद्दल परदेशी पाहुण्यांच्या साक्षी काढताना मेगॅस्थेनिसबरोबर अल्बेरुनीला साक्षीदार म्हणून उभे केले आहे. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात ते वाचायला मिळते.

पण साक्षीदाराची उलटतपासणी करायलाही बाबासाहेबांनीच शिकवले. अल्बेरुनीची माहिती कुणाकडून आली? पंडितांकडून आणि त्यांच्या पोथ्यांतून. चांडाळ हे शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांची संतती मानले जातात, असे तो लिहितो ते मनूचेच म्हणणे. संकराच्या या कल्पित कथेचा बाबासाहेबांनी पुढे समाचार घेतला. डोंगराची उंची स्वतः मोजल्याशिवाय न मानणाऱ्या या शास्त्रज्ञाने अंत्यजांविषयी मात्र त्यांना बाहेर घालवणाऱ्यांनाच विचारले. त्याच्या ग्रंथात अंत्यज आहेत, पण अंत्यजाचा आवाज नाही. तो आवाज यायला फुले-आंबेडकरांची वाट पाहावी लागली.

दुसरी उणीव तर त्याने स्वतःच कबूल केली आहे. बौद्धांच्या मतांविषयी आपल्याला एकही बौद्ध ग्रंथ मिळाला नाही आणि माहिती देणारा एकही बौद्ध भेटला नाही, असे तो लिहितो. आणि तोच असेही सांगतो की पूर्वी खुरासान, इराण, इराकपासून सीरियाच्या सीमेपर्यंत हा धर्म पसरलेला होता. विचार करा! ज्या गांधार-पंजाबात शेकडो विहार होते, तिथे १०३० साली तथागतांचे म्हणणे सांगणारा एक माणूस या जिज्ञासूला मिळू नये! आपल्या किनाऱ्याचीही तीच गत. ज्या सोपाऱ्याचे अंतर तो देतो, तिथे सम्राट अशोकाने शिलालेख कोरवला होता, तिथे स्तूप होता. शिलालेख आणि स्तूपातला करंडक पुन्हा उजेडात यायला १८८२ साल उजाडले. अल्बेरुनीच्या यादीत सोपारा उरला तो एक मुक्कामाचे बंदर म्हणून.

समुद्राच्या भरती-ओहोटीवर त्याने या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सामान्य लोक समुद्रातल्या वडवानलाच्या श्वासोच्छ्वासाने भरती-ओहोटी होते असे मानतात. शिकलेले लोक तिचा हिशेब चंद्राच्या उगवण्या-मावळण्यावरून आणि कलांवरून ठेवतात, पण तिचे नैसर्गिक कारण त्यांना उमगलेले नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. आता हे डहाणूच्या मांगेला मच्छीमाराला सांगून पाहा. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी रोज कसे उशिरा चढत जाते, हा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. होडी लोटायची कधी आणि जाळे टाकायचे कधी, हे त्याला वडवानल सांगत नाही. म्हणजे ज्यांना अंत्यजांच्या यादीत टाकले, त्या नावाडी आणि मासे मारणाऱ्यांजवळ चंद्र-समुद्राचे रोजच्या अनुभवातले शास्त्र होते. पण ते पोथीत गेले नाही, कारण पोथी त्यांच्या हातात नव्हती.

पोथी ज्यांच्या हातात होती त्यांचीही एक शोकांतिका अल्बेरुनीने टिपली आहे. ब्रह्मगुप्त हा सातव्या शतकातला थोर गणिती. ग्रहण पृथ्वीच्या आणि चंद्राच्या सावलीने होते, हे त्याला पक्के ठाऊक होते, त्याचे गणितही त्याने दिले. तरी त्याच ग्रंथात तो राहूच्या बाजूने बोलतो आणि राहू नाकारणाऱ्यांना दोष देतो. असे का? सॉक्रेटिसावर ओढवले तसे आपल्यावर ओढवू नये म्हणून त्याने हे लिहिले असावे, असा अल्बेरुनीला संशय आहे. धर्मसत्तेपुढे शास्त्रज्ञाने मान तुकवली की शास्त्राची वाढ खुंटते. भारतीय विज्ञान पुढे मागे का पडले, याचे एक उत्तर परदेशी मुसलमानाने हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे!

आणि त्याने आपल्या बादशहालाही सोडले नाही. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, लोक धुळीसारखे विखुरले आणि विद्या काश्मीर, बनारसकडे पळाली, असे त्याने नोंदवले. महमूद १०३० मध्ये वारला होता, पण गादीवर त्याचाच मुलगा बसणार होता. अशा वेळी हे लिहायला छाती लागते. आज मुस्लिम समाजावर सूड उगवण्यासाठी महमूदाचे नाव घेणाऱ्यांना ठाऊक तरी आहे काय, की महमूदाची पहिली परखड झाडाझडती एका मुसलमान विद्वानानेच घेतली?

म्हणून त्या काळचे इस्लामी जग म्हणजे समतेचा स्वर्ग होता असे समजायचे कारण नाही. गझनीच्या बाजारात या देशातून धरून नेलेली माणसे गुलाम म्हणून विकली गेली. भारतातल्या मुसलमानांतही जात शिरली आहे, हे बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात स्पष्ट लिहिले. आपल्याला कुणाची भक्ती करायची नाही. चांगले कुणाचेही असो, ते घ्यायचे. वाईट कुणाचेही असो, ते नाकारायचे. हीच तर अल्बेरुनीचीही रीत होती.

महमूदाचा मुलगा मसऊद याच्या काळात त्याला बरे दिवस आले. खगोलशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ त्याने मसऊदला अर्पण केला. त्याबद्दल हत्तीभर चांदी आली आणि त्याने ती परत पाठवली, अशी कथा सांगतात. धातू आणि रत्नांची घनता काढण्यासाठी त्याने पाण्याचे खास भांडे बनवले. त्यात खडा टाकायचा आणि बाहेर पडलेले पाणी तोलायचे. राजाच्या रत्नाचा भाव भाटांच्या स्तुतीने नव्हे तर तराजूने ठरवायचा, असा हा माणूस. शंभराहून अधिक ग्रंथ आणि प्रबंध त्याने लिहिले. शेवटचे काम औषधांवरचे. वय ऐंशीच्या घरात, दृष्टी आणि कान मंदावलेले, तरी एका वैद्याच्या मदतीने तो एकेका वनस्पतीची नावे अरबी, फारसी, ग्रीक, सिरियाक आणि भारतीय भाषांतून गोळा करत होता. आपल्या वारली, कोकणा, कातकरी बांधवांना रानातला पालापाचोळा नावानिशी ठाऊक असतो. त्याची नोंद त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच मुलांनी करावी, असे आपल्याला कधी वाटणार?

१०५० च्या सुमारास गझनीत त्याचे निधन झाले. मृत्यूची कथाही त्याला शोभणारी आहे. भेटायला आलेल्या एका कायदेपंडिताला त्याने वारसाहक्काच्या वाटणीचा एक अडलेला हिशेब विचारला. या अवस्थेत कशाला, असे पाहुण्याला वाटले. न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेले बरे, असे त्याचे म्हणणे पडले. हिशेब समजावून घेतला, पाहुणा बाहेर पडला आणि रस्त्यावर पोहोचतो तोच मागून रडण्याचा आवाज आला.

मग आपण काय करायचे? अल्बेरुनीची जयंती साजरी करून हार घालायचा? नाही. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत जी वारली, कोकणा, मांगेला, दलित, मुस्लिम पोरे-पोरी बसली आहेत, त्यांच्या हातात एक मीटर लांबीची काठी द्या. २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास दुपारी ती सपाट अंगणात सरळ उभी करा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. ती सुमारे ३६ सेंटिमीटर भरेल. त्यावरून आपले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे, हे ती पोरे स्वतः काढतील. सतरा वर्षांच्या अल्बेरुनीने काथमध्ये हेच केले होते. पुढे त्यांना डोंगरावर न्या. आपल्याकडे डोंगर आहेत आणि समोर अरबी समुद्राचे क्षितिज आहे. नंदनाचा प्रयोग समजावून द्यायला याहून चांगली जागा कुठली?

ज्या दिवशी आपली पोर काठीची सावली मोजून पृथ्वीवरची आपली जागा स्वतः ठरवील, त्या दिवशी तिची जागा कुणा दुसऱ्याने ठरवण्याचा धंदा बंद पडेल. बाबासाहेबांनी शिका असे सांगितले त्याचा अर्थ एवढाच नाही की दिलेले पाठ करा. मोजा, तपासा, विचारा आणि मग माना, हाही त्याचा अर्थ आहे. बाहेरच्या वस्तीतल्या अल्बेरुनीने तेच केले. आपल्याही वस्त्या बाहेरच्याच आहेत. आता पाटी आपल्या हातात आहे!